माझ्यावरचे नाव

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो, तेही कात्रीने मधोमध कापलेले. तुम्ही म्हणाल, प्लास्टिकच्या तुकड्याला कसले आले आत्मवृत्त? पण जरा धीर धरा.

कारखान्यात माझ्यासारखी हजारो कार्डे एका दिवसात तयार झाली. माझ्यावर एका बाईचे नाव उमटवले गेले. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. नवऱ्याने मला घरी आणल्यावर तिने त्या उठावदार अक्षरांवरून दोनदा बोट फिरवले. मी फार सुखावले.

"पण माझ्या नावावर कशाला? तुमच्याच घ्या ना," ती नवऱ्याला म्हणाली होती.

"सही कर गं. तुला त्यातलं काय कळतं? मी बघतो ना सगळं."

त्याची स्वतःची दोन कार्डे बँकेने बंद केली होती, हे त्याने सांगितले नाही. तिने पाहून झाल्यावर मी थेट त्याच्या पाकिटात गेले. बँकेकडे फोन नंबर त्याचा, पत्ता त्याच्या ऑफिसचा. तिचा पगारसुद्धा त्याच्याच खात्यात जाई.

दर रविवारी किराण्यापुरते मी तिच्या हाती येई. परतल्यावर ती फ्रिजपाशी उभी राही आणि तो बिल वाचे.

"शाम्पू दोन कशाला?"

"चिऊचे केस वाढलेत."

"मग काप."

चिऊ म्हणजे त्यांची लेक. तिचे केस खरेच कापले गेले. इकडे मी मात्र भारी हॉटेलांत, घड्याळांच्या दुकानांत मिरवत होते. मूर्खच मी! वापर म्हणजे मान, असे मला वाटायचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या गृहस्थाने अंथरूणही बायकोचेच घेतले होते. महिन्याला तो सगळ्यांत कमी चालेल तेवढीच रक्कम भरी. उरलेल्यावर व्याज चढे आणि व्याजावर पुन्हा व्याज.

ती मात्र प्रयोगशाळेत कौतुकाने सांगे, "आमच्याकडे पैशाचं सगळं हेच बघतात. मला काही टेन्शनच नाही." दिवसाला शंभर रिपोर्ट तपासणारी बाई ती. परक्या माणसाच्या रक्ताच्या आकड्यातला एक दशांश चुकला तरी पकडे. स्वतःच्या नावाचा कागद मात्र तिने आठ वर्षांत एकदाही मागितला नाही. नवऱ्याकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे तिला वाटायचे.

तिच्या वडिलांना, आबांना, ऐकू येईनासे झाले होते. कानाच्या यंत्रासाठी ती वर्षभर विचारत होती आणि "पुढच्या महिन्यात बघू" हे ठरलेले उत्तर होते. शेवटी एकदा पाहुण्यांसमोर विषय निघाला. चारचौघांत नाही कसे म्हणणार? त्याने मला काढून दिले.

दुकानदाराने आबांच्या कानात यंत्र बसवले. चिऊ हळूच म्हणाली, "आबा, येतंय ऐकू?"

आबांनी गर्रकन मान वळवली. "अगं, हिचा आवाज असा आहे होय!" ते म्हणाले आणि रडू लागले. सगळेच हसत होते, रडत होते.

मग मला मशीनला लावले. चालले नाही. पुन्हा लावले, पुन्हा तेच. दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "ताई, मर्यादा संपलीय म्हणतंय." आणि त्याने यंत्र आबांच्या कानातून अलगद काढून घेतले. मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून जावेसे वाटले.

आबा सगळे समजले. मोठ्याने म्हणाले, "राहू दे गं. मला तसं बरंच येतं ऐकू."

तिने बाहेर पायरीवर बसून बँकेला फोन लावला. तीन वर्षांच्या पगाराएवढे कर्ज! "मॅडम, कार्ड तुमच्याच नावावर आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. घरी नवरा उलट चिडला. "मी काय परक्यांसाठी केलं? तुझं-माझं कधीपासून करायला लागलीस?" तिने कात्री घेऊन मला कापले आणि तुकडे स्वतःच्या पर्समध्ये टाकले.

चिऊला घेऊन ती आबांच्या दोन खोल्यांत राहायला गेली. पगार तिच्या खात्यात येऊ लागला, पण अर्ध्याहून जास्त बँकच नेई. हप्ते फिटले की आधी यंत्र, असे तिने ठरवले होते. आबा दुसऱ्याच वर्षी गेले.

शेवटच्या दुपारी ती त्यांच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलत होती. पर्स मांडीवर होती, म्हणून मी सगळे ऐकले. "आबा, माझं चुकलं. मी साधा कागद वाचला नाही. मला माफ करा." आबा "हो, हो" म्हणत मान हलवत राहिले. ऐकू आले नाही की ते नेहमी तेच करत.

मित्रांनो, तिने क्षमा का मागावी, हे मला अजून कळलेले नाही. फसवणारा दुसरा होता. पण तुम्ही वाचायला शिकला आहात. "तुला काय कळतं, सही कर," असे तुमच्या आईला कुणी म्हणाले, मग ते तुमचे बाबा का असेनात, तर तो कागद तिच्या शेजारी बसून मोठ्याने वाचा. तिला ऐकू येतंय तोवर वाचा.