दगडावरचा करडा ठिपका

मित्रांनो, मी पितळी चौकटीतले एक जुने भिंग आहे आणि मला दोन बोटांपलीकडचे काही दिसत नाही. तेव्हा दिल्ली कशी आहे, हे मला विचारू नका. दिल्लीतल्या एका दगडाबद्दल मात्र मी खात्रीने सांगू शकते.

अंबाल्याच्या एका कारखान्यात मी घडले. १९७१ साली पद्मजाबाईंनी मला विकत घेतले. त्या केंद्र सरकारच्या नोकरीत होत्या आणि लक्ष्मीबाई नगरात राहत. पावसाळ्यातल्या रविवारी त्या कॉलनीतल्या मराठी मुलांना रिज नावाच्या टेकडीवरच्या जंगलात नेत. त्या अळंबी म्हणत, मुले मशरूम म्हणत. शेवटी दोन्ही बाजूंनी नाद सोडला. मेलेल्या कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, खोडावरची कडक बुरशी, तिच्या पोटाची बारीक भोके मुले एक डोळा मिटून माझ्यातून पाहत आणि चक्क गप्प होत. तसे कौतुक पुढे माझ्या वाट्याला आले नाही.

१९७४ मध्ये बाईंना एका दगडावर तिळाएवढा करडा ठिपका दिसला. इथे बुरशी आणि शेवाळ मिळून संसार करतात, हे एक प्रकारचे दगडफूल, असे त्यांनी मुलांना सांगितले. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या ठिपका मोजून वहीत लिहीत. एकोणीस मापांत तो रुपयाच्या नाण्याएवढा झाला. विसावे माप घेऊन निवृत्त व्हायचे, मग पुण्याला जायचे, असे त्यांनी ठरवले होते. मलाही त्या मापाची ओढ लागली होती.

त्या वर्षी साताऱ्याहून हेमलता नावाची तरुण बाई शेजारी राहायला आली. बाईंचा गोडा मसाला संपला होता, आमटीला चव येत नव्हती. हे त्या फिरताना सहज बोलून गेल्या. पुढच्या रविवारी हेमलता बाटली घेऊन हजर.

"ताई, ताजं दगडफूल घातलंय. त्या दगडावरचं चाकूने खरवडून आणलं. इथे कोणी नेतच नाही."

दोघी तडक दगडापाशी गेल्या. बाईंनी मला दगडाजवळ धरले. त्यावर पांढरे ओरखडे होते. मला फार वाईट वाटले.

"हेमलता, ते मसाल्यातलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "आणि एवढं व्हायला त्याला एकोणीस वर्षं लागली होती."

एक थेंब माझ्यावर पडला. कोणाचा, ते मला दिसले नाही.

मग हेमलताने मला हातात घेतले आणि बराच वेळ दगड तपासला. एका भेगेत करडे काहीतरी उरले होते, तिळाएवढे.

मसाल्याची बाटली बाईंनी उघडली नाही, टाकलीही नाही. पुण्याला जाताना त्यांनी वही आणि मला हेमलताच्या हाती दिले.

"विसावं माप तू घे."

याला बारा वर्षे झाली. माझी चौकट काळवंडली आहे, काचेवर चरा पडला आहे. मुले आता माझ्यासाठी भांडत नाहीत. पण हेमलताबाई दर पावसाळ्यात मला पदराने पुसून दगडापाशी नेतात आणि माप पत्राने पुण्याला कळवतात.

मित्रांनो, मसाल्याचे दगडफूल दुकानात मिळते. जंगलातले नुसते पाहा, हवे तर मला मागून घ्या. यंदा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा झाला आहे. रुपयाएवढा व्हायला अजून बराच अवकाश आहे.