उशीवरची प्लेट

खारू खोटं बोलते, अशी तिच्या आईची खात्रीच झाली होती. वरचे दात खारीसारखे पुढे, म्हणून घरात लाडानं पडलेलं हे नाव. खालचा जबडा पुढे यावा म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लेट दिली होती; जेवण सोडून कायम तोंडात. पण रोज सकाळी ती उशीवर सापडायची आणि जबडा जागचा हलायला तयार नव्हता.

"मी नाही काढत, आई. शपथ!"

"मग काय पाय फुटले तिला?"

त्यात आत्यानं काडी टाकली. "दिसते तितकी भोळी नाही हो ही, वहिनी."

तेव्हापासून आई डोळ्यांत तेल घालून होती. दप्तर चाचपलं, मैत्रिणीला आडून विचारलं. काही हाती लागेना, तसा संशय वाढतच गेला.

रविवारी दुपारी खारू झोपली, तेव्हा धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आई पलंगाशीच बसली. आता बरी सापडतेस! घड्या घालता घालता पाहते तर मिटलेले ओठ थरथरले, नाकातून बारीक शिट्टी वाजली, छाती भात्यासारखी वरखाली झाली. मग पोरीनं आ वासला, जिभेनं प्लेट ढकलली आणि झोपेतल्या हातानं उशीवर लोटली. डोळे मिटलेलेच.

सोंग? आईनं हनुवटीखाली बोट लावून तोंड हलकेच मिटलं. खारू दचकून उठली, लालबुंद. "नाक कशाला दाबतेस गं!"

आईचं बोट तर हनुवटीलाच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी खारूला तोंड मिटायला लावून नाकाखाली छोटा आरसा धरला. त्यावर वाफ जेमतेम धरली.

"हे मी आधीच बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "नाकामागच्या गाठी वाढल्या असाव्यात. नाक चोंदलेलं, म्हणून तोंड उघडं. आणि तोंड सदा उघडं राहिलं की जबड्याची वाढही भलतीकडे जाऊ शकते. आधी नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर झोपताना प्लेट नको."

घरी आल्यावर आईनं लेकीला जवळ ओढलं. "चुकलं माझं. आज झोपताना प्लेट डबीतच ठेव हं."

खारूनं प्लेट दातांत घट्ट धरली. तिरक्या नजरेनं बघत म्हणाली, "म्हणजे मी काढली की आत्याला सांगणार ना?"

"सांगणारच आहे. माझी लेक खरं बोलते म्हणून."

खारूनं आईचा मोबाइल आणून तिच्या हातात दिला. प्लेट काही काढली नाही.

"मग आधी फोन लाव. माझ्यासमोर."