उत्तमरावांच्या धोतरात टांगलेला चक्का

मी धोतर बोलतोय. वडनेर भोलजीच्या उत्तमरावांचं. हसा, आधी पोटभर हसून घ्या. धोतराला कधी तोंड असतं का, असं विचारणारे मला पुष्कळ भेटले. अरे, ज्यानं जन्मभर दुसऱ्याचं झाकलं, त्याला चार शब्द उघडे बोलायची मुभा नको का?

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. आमची जोडी होती. एक पान उत्तमरावांनी घेतलं, दुसरं शाळेच्या मास्तरांनी. माझा भाऊ रोज शाळेत जायचा आणि विहिरीवर धुण्याच्या वेळी भेटला की मला दोन-चार गोष्टी सांगायचा. मास्तर त्याच्यावरच खडूचे हात पुसायचे, त्यामुळे त्याच्या अंगाला माझ्यापेक्षा जास्त विद्या लागली.

जन्म माझा याच काळ्या रानातला. बोंड होतो. नांदुऱ्याच्या जिनात माझी सरकी काढली, मला गाठीत दाबलं आणि आगगाडीत टाकलं. कुठल्याशा गिरणीत सूत झालो, धोतर झालो, आणि लाल किनार लावून पुन्हा नांदुऱ्याच्याच दुकानात येऊन बसलो. गावचा माणूस बाहेर जाऊन आला की त्याचा भाव वाढतो. माझाही वाढला.

उत्तमरावांनी मला पहिल्यांदा नेसलं ते दिवाळीला, जावयाच्या दिवाळसणाला. जावई तुळशीराम, जळगाव जामोदचा. धान्याच्या दुकानात बसायचा. माणूस इतका भिडस्त, की त्याच्या पायावर पोतं ठेवलं तरी 'असू द्या' म्हणेल. उत्तमरावांच्या दारात चार म्हशी. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या झुंबरबाईंनी, आटवून आटवून बासुंदी केली होती. आग्रह केला आणि तुळशीरामानं तीन वाट्या खाल्ल्या. नाही म्हणणं त्याला जमलंच नाही.

हात धुवायच्या आत त्याचे ओठ भज्यासारखे फुगले. अंगभर गांध्या उठल्या, श्वास शिट्टी वाजवायला लागला. बैलगाडी जुंपून त्याला नांदुऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. मी उत्तमरावांच्या कमरेला होतो, म्हणून डॉक्टरचं बोलणं मी माझ्या काठानं ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "याला दूध बाधतं. दूध, दही, ताक, तूप, साय, खवा, सगळं बंद. थेंबसुद्धा नको. दुधाचं भांडं नको, दुधाचं फडकंही नको. पुढच्या खेपेला गळा आतून सुजला तर गाडीत बसवायला वेळ मिळणार नाही."

सुईवर निभावलं. पण तुळशीरामाच्या आई, सत्यभामाबाई, डॉक्टरचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी गावभर सांगितलं, "माझा लेक दुधावर वाढला. दूध कसं बाधन? त्या घरात त्याले काही खाऊ घातलं." त्या दिवसापासून उत्तमरावांच्या लेकीला, रुख्मिणीला, माहेरी पाठवणं बंद. आणि उन्हाळ्यात कळलं, की रुख्मिणीला पाचवा महिना आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. इथं तर माहेरचा रस्ताच बंद.

पण महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्याच साली जेठात धोंडा आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायचं असतं. ते सत्यभामाबाईंनाही मोडता येईना. त्यांचा निरोप आला, "लेक येतो. पण मीबी संग येतो. लेकाचा एक ओठ जरी सुजला, तं रुख्मिणी पुन्हा तुमच्या उंबऱ्यात येणार नाही. बाळंतीण होईन ते आमच्याकडेच."

झुंबरबाई म्हणजे अशी बाई, की देवानं अडचण पाठवली तर देवालाच परत न्यावी लागे. निरोप ऐकून त्या म्हणाल्या, "पंगतीत गोड तं होईनच. दुधाशिवाय करीन. जावई माझ्या घरून फिकं तोंड घेऊन जाणार नाही."

त्या कामाला लागल्या. नवं पातेलं, नवी उलथणी, मांजरपाटाचं नवं फडकं. पाटा तेवढा जुना, पण त्यावर कधी दूध सांडलं नव्हतं. शेंगदाणे भिजवायचे, चोळून सालं काढायची, पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे आणि पाणी घालून पिळायचे. पिळलं की पांढरंशुभ्र दूध. मंद आचेवर ठेवलं की त्याच्यावर खरीखुरी साय धरायची. झुंबरबाई ती काडीवर उचलून शेजारच्या वच्छलाबाईंना दाखवायच्या. वच्छलाबाई म्हणायच्या, "बाई, तुह्या म्हशी ऐकतीन तं विहिरीत उडी टाकतीन."

बासुंदी जमली. वेलदोडा, चारोळी आणि मंद आच, दाण्याचा वास कुठल्या कुठं. चोथ्याची भजी झाली. अडलं ते चक्क्यावर. दाण्याचं दूध लिंबू पिळून फाडायचं, फडक्यात बांधून टांगायचं, मग त्यात साखर आणि आंब्याचा रस. चव बरी, पण चक्का रवाळ व्हायचा. चाखायला उत्तमराव. पंधरा दिवस त्या माणसानं दुसरं काही खाल्लं नाही. एक दिवस म्हणाले, "चव चांगली आहे. भिंत सारवाले तं लईच चांगला आहे."

झुंबरबाईंच्या वर्मी लागलं.

धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. मला पहाटेच धुऊन स्वयंपाकघराच्या दारासमोर दोरीवर वाळत घातलं होतं. उत्तमराव जुनं ठिगळाचं धोतर नेसून माझी वाट पाहत ओट्यावर बसले होते. सकाळच्या बसनं पाहुणे नांदुऱ्याला उतरले आणि गाडीनं घरी आले. तुळशीराम ओट्यावर सासऱ्याजवळ टेकला. सत्यभामाबाई दारातच उभ्या राहून एकेका भांड्याकडे पोलिसासारख्या पाहायला लागल्या. रुख्मिणी थेट आत गेली. खुंटीला टांगलेल्या फडक्यातला चक्का तिनं बोटावर घेऊन चाखला.

"माय, हा इतका मऊ कसा झाला वं? लिंबाचा तं रवाळ होते असा निरोप धाडला होता तू."

"लिंब नाहीच घातलं," झुंबरबाई ऐटीत म्हणाल्या. "काल सांजच्याला कोमट दुधात चमचाभर विरजण लावलं. कसा मलईवानी लागला पाह्य."

रुख्मिणीचं बोट तोंडातच राहिलं. "विरजण कायचं?"

"दह्याचं. अजून कायचं असते?"

हे म्हणताना झुंबरबाईंचा आवाज अर्ध्यातच बसला. चाळीस वर्षं ज्या हातानं सांजेला न बघता विरजण लावलं, त्या हातानं आपलं काम चोख केलं होतं. नवं पातेलं, नवी उलथणी, नवं फडकं, आणि त्यात म्हशीच्या दह्याचा एक चमचा. आमच्या भागात विरजणाला कोणी दूध मानतच नाही. ते म्हणजे जसं शाळेत मास्तर असतो, पण पटावर त्याचं नाव नसतं.

सत्यभामाबाई आत आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"चमचाभर दह्यानं माणूस फुगत असता," त्या म्हणाल्या, "तं आपला अर्धा तालुका हवेत उडाला असता. वाढा तेच. मलेबी पाहू द्या, दूध बाधते का या घरातलं आणखी काही बाधते."

झुंबरबाईंना सोपं होतं. विहीण स्वतःच वाढा म्हणते. काही झालं नाही तर डाग गेला.

"नाही वाढत," त्या म्हणाल्या.

"मंग आमी चाललो. रुख्मिणीले घेऊन."

"जा. पण विहीणबाई, लेक जिता घेऊन जा. चूक माही आहे. तिच्यापायी जावयाचा जीव मी पणाला लावणार नाही." असं म्हणून त्यांनी फडकं खुंटीवरून काढलं, अंगणात आल्या आणि दोन दिवसांची मेहनत म्हशीच्या गव्हाणीत ओतली. म्हशीनं एकदा हुंगलं आणि चाटून पुसून खाल्लं. तिला स्वतःचंच दही ओळखू आलं असणार.

रुख्मिणी दाराशी उभी, पदर तोंडाला. तेवढ्यात ओट्यावरून तुळशीराम उठला. त्याला उठून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आई, त्या खरं सांगून राह्यल्या. मले लहानपणापासूनच दूध चालत नाही."

"काऊन खोटं बोलतं बे? रोज पेलाभर पीत होता तू. मी सोता हातात देत होतो."

"तू देत होती. पीत होती मांजर."

वीस वर्षं ज्या दुधाचा सत्यभामाबाईंनी गावाला हेवा करायला लावला, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून चार पायांनी चालत गेलं.

"म्हूनच ते मांजर एवढं माजलं होतं," त्या म्हणाल्या. मग लुगड्याचा काष्टा खोचून पाट्याशी बसल्या. "दाणे कुठं हायेत? गरम पाण्यात टाका, घंट्याभरात फुगतीन."

आता अडलं फडक्याचं. मांजरपाटाला दही लागलं होतं, ते बाद. आणि चार म्हशींच्या घरात दुधानं न भिजलेली चिंधी सापडेना. एकानं दूध गाळलेलं, दुसऱ्यानं ताकाचा माठ पुसलेला, तिसरं तुपाचं. झुंबरबाईंची नजर घरभर फिरली, अंगणात आली आणि दोरीवर थांबली.

मला आधीच कळलं. उत्तमरावांना जरा उशिरानं कळलं.

"अवो, ते नवं आहे," ते म्हणाले.

"म्हूनच तं."

"मंग मी नेसू काय?"

"बसून राहा. बसलेल्या माणसाचं धोतर कोण पाहाते."

कात्री चालली. खोटं कशाला बोलू, दुखलं. लाल किनार सुटली, एकाचे तीन झालो. उकळत्या पाण्यातून काढलं तेव्हा मी नक्की कोणता, हे मलाच समजेना. एका तुकड्यातून दाण्याचं दूध पिळलं. दुसऱ्यात लिंबानं फाटलेलं दूध बांधून खुंटीला टांगलं. जेठाचं ऊन, पाणी भराभरा गळालं. चक्का उतरला, आणि होता तसाच रवाळ. झुंबरबाईंचं तोंड उतरलं.

सत्यभामाबाईंनी चिमूट बोटात चोळून पाहिली. "याले तिसऱ्या तुकड्यातून घासून काढा. साखर अन् आंब्याचा रस घालून. नव्या धोतराचं सूत गच्च असते."

झुंबरबाईंनी मला पातेल्यावर ताणून धरलं, सत्यभामाबाईंनी वरून हातानं घासलं. दोन विहिणी, मध्ये मी. एवढा मान माझ्या भावाला शाळेत कधी मिळाला नसेल. खाली उतरलं ते केशरी, गुळगुळीत, बोटावरून ओघळणारं.

जेवणं तिसऱ्या प्रहरी झाली. तुळशीरामानं पहिला घास घेतला आणि अख्खं घर त्याच्या ओठाकडे पाहायला लागलं. त्यालाही चावायची लाज वाटायला लागली. दुसरा घास. चौथा. वाटी संपली. उन्हं कलेपर्यंत सत्यभामाबाई दर थोड्या वेळानं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या. ओठ जसाच्या तसा. उलट त्या दिवशी त्यालाच बोलायची चटक लागली होती.

निघताना सत्यभामाबाईंनी रुख्मिणीचा हात झुंबरबाईंच्या हातात दिला. "सातवा लागला की हिले घेऊन जा. आता दाण्याचं सगळं तुमालेच जमते. मले तं मांजरं पाळाचंच जमलं."

आज मी तीन ठिकाणी आहे. एक तुकडा वेगळ्या खुंटीला, दुधाच्या भांड्यापासून चार हात लांब. दुसरा सत्यभामाबाई जळगाव जामोदला घेऊन गेल्या. त्यातून गाळलेल्या बासुंदीची तिकडच्या बायका आता शिकवणी घेतात. तुम्हाला एकच मागणं आहे. पंगतीत कोणी हात आडवा धरला तर त्याला नखरेल म्हणू नका, बिचारा पोटाचं ऐकत असेल. आणि त्याच्यासाठी काही करायला घेतलं, तर आपल्या हाताच्या सवयीवर नजर ठेवा. दूध आपल्या हातात फार खोल मुरलेलं असतं.

तिसऱ्या तुकड्याचं विचारताय? रुख्मिणीला इथंच मुलगा झाला. आजोबांचं धोतर शकुनाचं म्हणून झुंबरबाईंनी त्याची लंगोटी शिवली. दोन विहिणींनी धरलेल्या तुकड्यातून आता काय गळतं, ते मी सांगणार नाही. पण त्यालाही घरातले सगळे अगदी कौतुकानंच बघतात.