ती सगळी मीच

“सगळे फोन एकदम सोडा, काकू. मध्ये थांबायचं नाही.” मॅनेजरने मागून येऊन सांगितलं आणि खात्याची लिंक त्यांच्या संगणकावर पाठवली.

काकूंनी मान वळवली. “एकदम? रोज तर तूच मागे लागतोस, सावकाश घ्या म्हणून.”

“आजचं काम वेगळं आहे. जेवायच्या सुट्टीआधी उरकायचंय.”

मॅनेजर त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. त्याच्याशी वाद घालून काही निघत नसे. काकूंनी चष्मा सारखा केला आणि कामाला लागल्या.

त्यांच्या पडद्यावर छोट्या छोट्या फोनच्या चौकटी रांगेने मांडलेल्या असत. हे फोन कुणाच्या खिशात नव्हते. दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांत ते चालत आणि इथे खुर्चीत बसून काकू त्यांना हलवत. प्रत्येक फोनमध्ये एक खातं, प्रत्येक खात्याला एक हसरा चेहरा आणि तो चेहरा जगात कुणाचाच नाही. एखादा दुकानदार, एखादी होतकरू गायिका पैसे भरून फॉलोअर मागत असे. मग कोणत्या फोनने त्यांना लगेच फॉलो करायचं, कोणत्या फोनने आधी दोन व्हिडिओ बघायचे, कोणी अर्ध्यातच कंटाळायचं, हे काकू आखून देत. पुढचं सगळं आपोआप होई. खरी माणसं जशी रेंगाळतात, तसे ते फोन रेंगाळत. काकूंना ते छान जमे. घरी मात्र त्यांनी ‘टायपिंगचं काम’ एवढंच सांगून ठेवलं होतं.

आज आखायचं काहीच नव्हतं. त्यांनी लिंक टाकली, सगळ्या चौकटींवर खूण केली आणि काम सुरू केलं. चौकटी भराभर हलू लागल्या.

हात रिकामे होते म्हणून त्यांनी ते खातं उघडून पाहिलं. नाव होतं, ‘जुन्याचं नवं’. व्हिडिओत चेहरा दिसत नव्हता, फक्त शिलाई मशीन आणि दोन हात. ते हात निळ्या चौकडीच्या शर्टाची बाही उसवत होते. त्या बाहीला कोपराशी ठिगळ होतं. ते काकूंनीच लावलेलं होतं. शर्ट त्यांच्या नवऱ्याचा. गेल्या महिन्यात त्यांनीच तो नणंदेकडे पाठवला होता.



नणंद एकटी राहायची. मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून लहान मुलांचे फ्रॉक, शर्ट शिवून द्यायची. व्हिडिओ बघून बायका कपडे घेऊन येत आणि त्यावरच तिचं घर चाले. ती काही व्हिडिओ टाकते हे काकूंना ऐकून माहीत होतं, पण कधी बघितलं नव्हतं. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. पण काकूंनी पुसलेली भांडी नणंद पुन्हा एकदा पुसून ठेवी, इतपतच त्यांचं सख्य होतं.

“हे काम कुणाचं रे?” काकूंनी शक्य तितक्या सहज विचारलं.

“मुलांच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे. या बाईने त्यांचा फ्रॉक उलटा करून शिवण कशी निघते ते दाखवलं. लोकांनी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला.”

“मग तिला फॉलोअर कशाला द्यायचे?”

मॅनेजर हसला. “द्यायचे नाहीत, गळ्यात मारायचेत. एवढी खोटी खाती एकदम आली की ॲपवाल्या कंपनीला वाटतं, हिनेच विकत घेतली. मग हिचंच खातं बंद.”

तो आपल्या टेबलाकडे गेला. काकूंनी पडद्यावर पाहिलं. निम्म्याहून जास्त फोनचं काम झालं होतं. त्यांनी ते थांबवलं. 

“काकू, थांबलं का?”

“अडकलं वाटतं. आलेच मी.”

त्या जिन्यात गेल्या आणि फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर होती.

“वन्सं, मी बोलतेय.”

“अहो वहिनी, बरा केलात फोन.” नणंदेचा आवाज कधी नव्हे तो मोकळा होता. “सकाळपासून काय चाललंय बघा. माणसांची नुसती रीघ लागलीय. बघता बघता आकडा वाढतोय. दादाला सांगा, त्याच्या शर्टाने नशीब काढलं माझं.”

काकूंनी कठडा धरला. “वन्सं, ऐका. ते खातं आत्ताच्या आत्ता खासगी करा. म्हणजे तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी आत येणार नाही.”

“खासगी? दुकानात गर्दी झाल्यावर शटर ओढून घेऊ?”

“ती गर्दी खोटी आहे.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“आहे ठाऊक.”

मशीन थांबलं. नणंदेचा आवाज बदलला. “वहिनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार माणसं माझ्याकडे बघतायत. तेवढंही तुम्हाला बघवत नाही का?”

 वर दार वाजलं, मॅनेजर त्यांना हाक मारत होता. आता आडवळणाने सांगायला वेळ नव्हता.

“ती माणसं नाहीत, वन्सं. ती सगळी मीच आहे. माझं कामच ते आहे. टायपिंग नाही. तुमचं खातं बंद पाडायला सांगितलंय, त्या फ्रॉकवाल्या दुकानाने. मला माहीत नव्हतं तुमचं आहे ते. मीच सुरू केलं.”

 नणंदेने फोन ठेवला.

त्या वर आल्या तेव्हा मॅनेजर त्यांच्या खुर्चीत बसला होता. चौकटी पुन्हा हलत होत्या.

“मी सुरू केलं,” तो म्हणाला.

“थांबव. ती माझी नणंद आहे.”

त्याने त्यांच्याकडे बघितलं. क्षणभर त्याचा हात अडखळला. “काकू, मी नाही केलं तर मालक दुसऱ्याकडून करून घेतील. तुम्ही आज घरी जा. बरं नव्हतं म्हणून सांगतो मी.”

“आज नाही रे. आता येणारच नाही मी.”

 काकूंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

बसमध्ये त्या मोबाइलवर ते खातं उघडून बसल्या. आकडा वाढत होता. दर वेळी त्या मनात म्हणत, आता थांबेल, आता वन्संनी दार लावलं असेल. पुलापाशी बस सिग्नलला थांबली. त्यांनी पुन्हा उघडलं तर ना हात दिसले, ना मशीन. हे पान उपलब्ध नाही, एवढीच एक ओळ होती.

त्या घरी गेल्या नाहीत. नणंदेच्या दाराशी उतरल्या.

दार उघडंच होतं. नणंद मशीनवर होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा कापडात डोकं घातलं.

“वन्सं.”

“मी शोधत होते ते खासगीचं बटण,” नणंद म्हणाली. “कुठे असतं तेच सापडेना. सगळीकडे दाबून बघितलं. तुम्हाला परत फोन करावा वाटलं.” तिने दोरा दाताने तोडला. “नाही केला.”

काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ॲपवाल्या कंपनीला अर्ज करता येतो, कधीकधी खातं परत मिळतं, असं काहीतरी त्या सांगू लागल्या. नणंदेने ऐकल्यासारखंही केलं नाही.

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन दारात आली. “तुमचे व्हिडिओ बघूनच आले होते. पण आत्ता पत्ता बघायला उघडलं तर काही दिसतच नाही. शेवटी विचारत विचारत आले.”

नणंदेची नजर काकूंवर गेली. काकूंनी मान खाली घातली.

“काहीतरी बिघाड झालाय,” नणंद त्या बाईला म्हणाली. “दाखवा, काय आणलंय?”

बाईने नातीच्या फ्रॉकसाठी आपल्या आईचा जुना गाऊन काढला. नणंदेने तो उजेडात धरला, शिवणी तपासल्या, नातीचं माप लिहून घेतलं. बाईने काकूंकडे बघून विचारलं, “या मदतीला असतात का?”

“माझ्या वहिनी आहेत,” नणंद म्हणाली. 

बाई गेली. मशीन पुन्हा सुरू झालं. उभं राहून काकूंचे पाय भरून आले होते, पण बसा असं कोणी म्हटलं नाही. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे आणि कातरलेल्या चिंध्या पसरल्या होत्या. काकू खाली बसून त्या वेचू लागल्या. पलंगाकडच्या झाल्या, दाराकडच्या झाल्या. मशीनखाली मात्र त्यांचा हात पोचेना.

मशीन थांबलं. नणंदेने खाली पाहिलं नाही. नुसते दोन्ही पाय वर उचलून धरले आणि काकूंचा हात फिरून होईपर्यंत तसेच धरून ठेवले.