भरताचा कुंडा

सावद्यातल्या त्या बंद पडलेल्या वखारीत पूर्वी केळी पिकायची, आता माती पिकते, असं वच्छलाअक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आत कुंभाराची चाकं, मागच्या आवारात इथं मातीकामाला येणाऱ्या बत्तीस जणांनी मिळून लावलेली वांगी-मिरची आणि मधे नूरचाचांची भट्टी. वर्षातून तीनदा भट्टी लागे. त्या दिवशी आवारातलीच वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची आणि एका पंगतीत भरीत-भाकरी खायची, हा इथला नेम.

भरीत आजवर स्टीलच्या पातेल्यात कालवलं जाई. यंदा त्यासाठी मातीचा कुंडा करायचं दिपमालानं अंगावर घेतलं होतं. पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या नोकरीपायी सुरतेला जायचं. तिची ही इथली शेवटची भट्टी.

"लेकरू कडेवर घेऊन एवढा मोठा कुंडा? तुले वेळ कधी भेटंल वं माय?" अक्का म्हणाल्या होत्या.

वेळ भेटत नव्हताच. जुई दुपारी निजली की सासूबाईंना "आलेच" म्हणून ती अर्धा तास पळून यायची आणि मातीची एखादी वळी चढवून जायची. महिन्याभरात कुंडा उभा राहिला आणि जुईला ताप आला. आपल्यामागे ओला कुंडा तडकू नये म्हणून तिनं तो केळीच्या पानावर बसवला, वरूनही पानं गुंडाळली. इकडे काही झाकायचं म्हटलं की हात केळीच्या पानाकडेच जातो. वरची पानं पुढे कुणीतरी काढली. तळाचं तसंच राहिलं.

आज भट्टी रचून झाली होती. बत्तीस जणांची भांडी आत, मधे कुंड्यापुरती जागा. दिपमालानं कुंडा उपडा केला, चिकटलेलं पान सोलून काढलं आणि तळाला गाल लावला. जुईचा ताप ती हातानं कधी बघत नसे, गालानंच बघायची.

तळ गार लागला.

वाळलेली माती गालाला गार लागत नाही, हे चाचांनीच शिकवलेलं. ओलं भांडं भट्टीत फुटतं आणि शेजारच्यांना घेऊन फुटतं. शेजारी सिताराचे पहिलेवहिले कप होते, अक्कांच्या पणत्या होत्या. वरून मात्र कुंडा खडखडीत दिसत होता. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं.

"चाचा, हा आत नका ठेवू. बूड ओलं आहे."

चाचांनी आपला पांढऱ्या खुंटांचा गाल तळाला लावला.

"तुझ्या पोरीचा ताप उतरवलास ना? याला जरा चढवावा लागंल," ते म्हणाले. "आण इकडे, वांग्यांपाशी. पण हळूहळू."

जाळापासून हातभर लांब, तीन विटांवर कुंडा उपडा बसला. जो कुणी वांगं उलटवी, तो कुंडाही पाव फेरा फिरवी. वांगं फट्‌कन फुटलं की बत्तीस माना कुंड्याकडे वळत.

"वांगंच शे रे बाप्पा," धुळ्याकडचा मगन दरवेळी सांगे, आणि दरवेळी स्वतःच उठून बघून येई.

भरीत पातेल्यातच कालवलं. कुंडा एकटा राहू नये म्हणून लोक पाळीपाळीनं जेवले. जेवून उठलेला प्रत्येक माणूस वाकून तळाला गाल लावत होता. गालांवर काजळी, कुणालाच त्याचं भान नव्हतं. दिपमाला जुईला मांडीवर घेऊन बघत राहिली. आपल्या अर्ध्या-अर्ध्या तासांच्या राखणीला एवढी माणसं बसली आहेत, हे तिला खरंच वाटेना.

उन्हं कलली तेव्हा चाचा म्हणाले, "आता ठेव."

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सिताराचे कप धड होते, पणत्या धड होत्या. चाचांनी कुंडा बाहेर काढून बोटानं टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज निघाला.

कुंडा लालबुंद होता. उपडा केला तर कच्च्या मातीत कुणाच्या डोळ्यात न भरलेलं केळीचं पान आता तळावर लख्ख उमटलेलं. मधला दांडा आणि दोन्ही अंगांना केसासारख्या बारीक रेघा, एकीला लागून एक. पान केव्हाच फेकलं होतं, तरी ते तिथं होतं. चाचांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग हात मागे घेतला.

"पन्नास वर्षं माती हाताळली," ते हळूच म्हणाले, "हे मला नाही जमलं."

त्या दिवशी पंगत नव्हती, पण अक्का पदरात वांगी घेऊन आल्या होत्या. "रिकामा कसा धाडू सुरतेला?"

"थांबा अक्का. भरल्यावर तळ दिसायचा नाही," मगन म्हणाला.

म्हणून कुंडा आधी हातोहात फिरला. फिरत फिरत दिपमालाकडे आला तेव्हा कडेवरची जुई पुढे झुकली आणि तिनं त्या पानावर आपला गाल टेकवला.