भावकीच्या किल्ल्या

लेकाची जीभ घरात विळा आणि साहेबापुढे लोणी, हे भागूबाईंना आधीपासून ठाऊक होतं. पण तोच विळा तो बायकोच्या मुळावर चालवील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

शनिवारी सोमनाथ आणि सून सायली पडेगावच्या घरूनच काम करत होते, एकाच टेबलाशी. दोघं एकाच कंपनीत. चिकलठाण्याला कंपनीचं कपाटाएवढं यंत्र. त्या एकाच्या पोटात वीस वेगळ्या मशिनी चालतात, असं सायलीनं सांगितलं होतं. एका खटल्याच्या घरात वीस चुली, एवढं भागूबाईंना कळलं होतं. प्रत्येकीचं काम टेपवर उतरवून ठेवायचं. पण टेपचे ड्राइव्ह मोजकेच, म्हणून ज्या मशिनीला लागेल तिला ती चालू असतानाच जोडून द्यायचे.

सकाळी सोमनाथनं एकीला ड्राइव्ह जोडला. पडद्यावर जोडला म्हणून आलं, पण टेप हलेना. त्यानं तीनदा काढला, तीनदा जोडला. चिकलठाण्याच्या माणसाला केबल बदलायला लावली, वर त्यालाच झापलं. आधी हा कुणाकडे होता ते बघू या, असं सायली म्हणाली, तर तिलाही गप्प केलं.

दुपारी ताट बाजूला सारून तिनंच नोंदी मोठ्यानं वाचल्या. काल सोमनाथनं तोच ड्राइव्ह चाचणीच्या दुसऱ्या मशिनीला दिला होता. ती मधेच बंद पडली, आणि ड्राइव्हवरचा तिचा ताबा तसाच राहिला. सायलीनं तो ताबा सोडवला, ड्राइव्ह नव्यानं जोडला. टेप फिरली.

भागूबाईंना यात नवल वाटलं नाही. भावकीची लग्नातली भांडी तीस वर्षं त्यांच्या कुलपात होती. पातेलं एका मांडवातून परत आल्याशिवाय दुसऱ्याला शब्द द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा.

तेवढ्यात विश्वजित साहेबांचा फोन आला. सायलीची नोकरी कायम करायची की नाही, हे सोमवारी तेच ठरवणार होते.

"सायलीकडून ड्राइव्ह सोडायचा राहिला होता, सर," सोमनाथ म्हणाला. "मी बघून घेतलं."

सायली ताट उचलून मोरीवर गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

त्यानं फोन खाली ठेवताच भागूबाईंनी विचारलं, "काल कुणी दिलं व्हतं रं ते?"

"घरातलीच हाय ना ती. तिला साहेब बोलले तर बोलले. माझं नाव लई वर गेलंय तिथं, आई."

"लाव फोन."

त्यानं टाळाटाळ केली. त्या समोरून हलल्या नाहीत. शेवटी लावला, खरं ते सांगितलं. पलीकडचं ऐकू आलं नाही, पण त्याचे कान लाल होत गेले. मग मोरीकडे न बघता पुटपुटला, सोमवारी तिचं कायम होईल म्हणाले.

भागूबाईंनी कमरेचा भावकीच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला. दसऱ्याला तो सोमनाथच्या हाती द्यायचा, असं भावकीत सांगूनही झालं होतं. त्यांनी तो सायलीच्या ओल्या हातात ठेवला आणि लेकाकडे वळल्या.

"आई उभी व्हती म्हणून खरं बोललास तू. भांडं चेमटलं तर ठोकून नीट करता येतं, सोमनाथ. पण चेमटवायचं आपण आन् नाव दुसरीचं सांगायचं, असल्या माणसाच्या हाती मी भावकीचं कुलूप देत नाय."