मोहरमच्या वाघाची शेपटी

वाघाच्या मागे चालण्यात माझं आयुष्य गेलं, मित्रांनो. मी एक जुनी शेपटी आहे. खऱ्या वाघाच्या शेपटीत हाडं असतात, रक्त असतं. माझ्या पोटात चिंध्या आणि कापूस आहे, आणि अंगावरचे काळे पट्टे एका मोडक्या छत्रीच्या कापडाचे आहेत. तरीही मी वाघाचीच शेपटी आहे. तो वाघ कसा घडला हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

सिंदेवाहीपासून दोन कोसांवरच्या एका गावात, बाबूभाई शिंप्याच्या मशीनवर माझा जन्म झाला. साल एकावन्नचं. आमच्या भागात मोहरमच्या सवाऱ्या, म्हणजे पंजांच्या मिरवणुका, निघाल्या की त्यांच्यापुढे वाघ नाचतात. अंगाला पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे आणि कमरेला शेपटी. ज्याने मानता मानली असेल, म्हणजे नवस बोलला असेल, त्याने वाघ व्हायचं. तो हिंदू की मुसलमान हे कोणी विचारत नसे.

माझा मालक वारलू. तो मांडीएवढा होता तेव्हा तापाने फणफणला आणि वैद्याने हात टेकले. त्याची आई मनकर्णाबाई त्याला पदरात घेऊन सवारीपुढे आडवी झाली. म्हणाली, "पोरगं जगलं तं याले पाच साल वाघ बनवीन." पोरगं जगलं. पण पुढे नवरा वारला, धानाची शेती एकटीच्या अंगावर पडली आणि मानता राहूनच गेली. वारलूचं लग्न झालं तेव्हा तिच्या मनात भीती शिरली. ती म्हणाली, "मानता डोक्यावर ठेवून संसार नोको करू, बापू."

आता वारलू किती लाजाळू होता म्हणून सांगू! चार माणसं बसली असली की हा वळसा घालून जाई. नवी बायको रुखमा घरात येऊन तीन महिने झाले होते, पण तो तिच्याशी थेट बोलत नसे. भूक लागली की भिंतीकडे बघून म्हणे, "माय, वाढा म्हणावं." असा हा माणूस भर रस्त्यात वाघ होणार होता.

पहिलं वर्ष आठवलं की अजूनही मला चोरट्यासारखं होतं. वारलूने कोणालाच काही विचारलं नाही. पिवळ्या रंगासाठी हळद कालवली आणि पोट पांढरं दिसावं म्हणून चुना लावला. हळदीला चुना लागला की काय होतं, हे तुमच्या घरातल्या कोणालाही विचारा. वाघ कुंकवासारखा लालभडक झाला! लाजेपायी त्याने मला घाईघाईत कमरेला बांधलं. डफ वाजू लागले तसा तो माकडासारखा उड्या मारू लागला. चौकात पोचतो न पोचतो तोच नाडा सुटला आणि मी धुळीत पडले. वाघ मात्र तसाच पुढे उडत गेला.

सगळा गाव हसला. कोणीतरी ओरडलं, "बांडा वाघ! अरे, बांडा वाघ!" बांडा म्हणजे शेपूट नसलेला. माणसं माझ्यावरून पाय टाकत गेली. मग बायकांच्या घोळक्यातून एक हात आला, त्याने मला उचललं, धूळ झटकली आणि पदराखाली घेतलं. ती रुखमा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारलू ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसला. म्हणाला, "माय, मले नाई जमत. एक साल झालं, तेवढं पुरे. लोकं तुह्या मानतेले हासून राह्यले."

मनकर्णाबाई डोळे पुसत राहिली. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली रुखमा म्हणाली, "वाघ उड्या नाई मारत."

त्या घरात ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

"काय म्हणतं?" वारलूने भिंतीकडे न बघता विचारलं.

"काल तुमी उड्या मारत होते. वाघ तसा नाई चालत."

"तुले काय माईत?"

"आमच्या पोंभुर्ण्याकडं बोडीवर येते तो पानी प्याले. धान राखाले मी माळ्यावर बसो, तवा पाह्यला."

"कसा चालते मंग?"

रुखमाने सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाईने लगबगीने पाण्याचा गुंड उचलला. "पानी आणतो," म्हणाली आणि निघून गेली. गुंड काठोकाठ भरलेला होता!

मग रुखमाने पदर खोचला आणि अंगणात चालून दाखवलं. पुढचं पाऊल उचललं की मागचं नेमकं त्याच जागी. मान खाली, खांदे वर. मध्येच थांबायचं आणि घाई म्हणून करायची नाही. "त्याले कोनाचा भेव नाई," ती म्हणाली, "मंग तो घाई काऊन करन?"

"आन् शेपूट?" वारलूने विचारलं.

"शेपूट नाई हालत. हालते तं निस्तं टोक."

मित्रांनो, हे ऐकून मी थक्क झाले. शेपटीचं काम हलणं, असंच मी समजत होते. आपलं खरं काम स्थिर राहणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दुपारी दोघं मला घेऊन बाबूभाईकडे गेली. वारलूला वर बघवत नव्हतं. बाबूभाईने चष्म्यावरून पाहिलं आणि हसला. "शरम कायची, वारलूभाऊ? पहिल्या साली म्या सदऱ्याच्या दोनी बाह्या एकाच बाजूले शिवल्या होत्या. गिऱ्हाईक सदरा घालून आरशासमोर उभा, अन् म्हणते, बाबूभाई, मेरा दूसरा हाथ किधर है?" वारलू हसला. रुखमाही हसली. दोघांनी एकत्र हसण्याची ती पहिलीच वेळ.

मग माझी उसवण झाली. नाड्याच्या जागी रुंद पट्टा आला. पोटात बांबूची लवचीक कमची गेली आणि टोकाला मूठभर चिंचोके. आता वारलू थांबला की मी कमानीसारखी उभी राही आणि फक्त माझं टोक डुले. बाबूभाई दाखवत गेला आणि रुखमाने हे सगळं स्वतःच्या हाताने शिवलं. टाके वाकडे होते, पण घट्ट होते.

पण शेपटी सुधारली म्हणून वाघ लगेच सुधारत नाही. दुसऱ्या वर्षी त्याने भिंतीला लावायची पिवळी रामरज धावड्याच्या डिंकात कालवली. रंग छान बसला, पण वाळल्यावर अशी खाज सुटली की वाघ मध्येच थांबून बोरीच्या झाडाला पाठ घासू लागला. लोक पुन्हा हसले. घरी आल्यावर रुखमा म्हणाली, "पाठ घासली ते वाघावानी घासली बरं." तिसऱ्या वर्षी त्याने डिंक कमी केला आणि अंगाला आधी तेल लावलं. तेव्हा रंग टिकला, पण डफ घुमू लागले की पावलं अजूनही पळत. मग तो रोज बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, तसाच चालू लागला. डोक्यावर गवताचा भारा असला तरी वाघाच्या चालीने चाले. मागून येणारी रुखमा सांगे, "आता पाय चुकला." बोलायला काही विषय नसलेली ती दोन माणसं वाघाबद्दल बोलता बोलता पावसाबद्दल, बैलांबद्दल आणि तिच्या माहेराबद्दल बोलू लागली. चौथ्या वर्षी सिंदेवाहीची माणसं गाडी जुंपून वारलूचा वाघ बघायला आली. पोरं मला हळूच हात लावून पळत. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस होते.

मोहरम दरवर्षी काही दिवस अलीकडे सरकतो. पहिल्या वर्षी धान लोंबीवर होतं. पाचव्या वर्षी मोहरम भर पावसाळ्यात आला. त्या पावसाळ्यात मनकर्णाबाईने अंथरूण धरलं. तिला उठवेना. ती एवढंच म्हणे, "हे पाचवं साल पाहू द्या मले." बाबूभाईने पुढाकार घेऊन सवारी तिच्या घरावरून न्यायचं ठरवलं आणि वारलूने तिची खाट ओसरीवर आणून ठेवली.

सवारी निघाली. मुखरू डफवाल्याने ठेका धरला. आम्ही चौक ओलांडला आणि आभाळ फाटलं. असा पाऊस की समोरचं घर दिसेना. डफांची कातडी ओली होऊन सैल पडली आणि आवाज बंद झाला. वारलूच्या अंगावरचा रंग ओघळू लागला. आधी पट्टे गेले, मग पिवळा रंग गेला. गुडघ्यांवरून पिवळं पाणी वाहून चिखलात मिसळलं. लोक घरांच्या वळचणीला पळाले.

वारलू रस्त्यात उभा होता. डफ नाही, रंग नाही. उघड्या अंगाचा, काकडणारा एक साधा माणूस, कमरेला ओलीचिंब शेपटी. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तो आता कोणाच्या तरी पडवीत शिरणार असं मला वाटलं. आईची ओसरी अजून चार घरं पुढे होती.

जवळच्याच वळचणीला रुखमा इरलं घेऊन उभी होती. ती ओरडली नाही. नेहमी धुऱ्यावर बोले तशीच हळू म्हणाली, "वाघ का पावसाले भेते?"

वारलूचा श्वास खोल गेला. मान खाली झाली, खांदे वर आले. त्याने एक पाऊल टाकलं, आणि मागचं पाऊल त्याच जागी पडलं. तो चालत राहिला, थांबला, पुन्हा चालला. वळचणीला हसायच्या बेतात असलेली माणसं त्याच्या पावलांकडे बघत राहिली. आयाबायांनी आपापली पोरं मागे ओढली. एका माणसाने नकळत वाट सोडली आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. मुखरूने डफ छातीशी धरला आणि पुटपुटला, "वाघ हाये रे बाबा." रंगाचा एक थेंबही उरला नव्हता, मित्रांनो, आणि रस्त्यावरून वाघ चालला होता.

ओसरीसमोर तो थांबला. हळूच मान वळवून त्याने आईकडे पाहिलं. मी स्थिर होते. फक्त माझं टोक हललं.

मनकर्णाबाईने हात जोडले. "फिटली रे बापू," ती म्हणाली, "मानता फिटली." आणि मग, जरा रागावून, "ये इथी. किती ओला झाला तू!" वाघ ओसरीवर चढला, खाटेशी गुडघे टेकून बसला, आणि म्हातारीने पदराने त्याचं डोकं पुसलं.

त्या हिवाळ्यात ती गेली.

मग बराच काळ मला कोणी हात लावला नाही. वारलूने मला आढ्याला टांगलं. चुलीच्या धुराने मी काळवंडले. उंदरांनी कापूस ओढून नेला, कमची एका बाजूने मोडली. पुढच्या मोहरमला घरात दुखवटा होता. त्याच्या पुढच्या मोहरमला रोवणी चालू होती. लांबून डफ ऐकू आले. वारलू ओसरीवर नांगराची दोरी वळत बसला होता. दोरी वळणारे हात थांबत, पुन्हा चालत.

रुखमा घरातून बाहेर आली. तिच्या हातात मी होते. मला नवी कमची होती, नवा कापूस होता. तिने केव्हा आणि कशी दुरुस्ती केली, याचा माझ्याशिवाय कोणाला पत्ताच नव्हता.

वारलू म्हणाला, "मानता तं फिटली वं."

"मानता सासूबाईची होती," रुखमा म्हणाली. "वाघ माहा हाये."

वारलूने दोरी खाली ठेवली. तो उठला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. रुखमाने पट्टा कमरेभोवती घेतला आणि मला बांधलं.

मित्रांनो, त्यानंतर आम्ही पुष्कळ मोहरम पाहिले. आता मी म्हातारी झाले आहे. तुमच्या घरात कोणाच्या हौसेची, श्रद्धेची अशी एखादी वस्तू असेल तर तिला उंदरांच्या हवाली करू नका. वर्षातून एकदा ऊन दाखवा, सोबत कडुनिंबाचा पाला ठेवा. आणि कधी एखादा नवशिका चुकीचा रंग फासून, घाबरत घाबरत तुमच्यासमोर आला, तर हसू येईल, हसून घ्या. पण मग त्याच्याजवळ जाऊन एक गोड शब्द बोला. पहिलं वर्ष कोणाचंच चांगलं नसतं. त्याला दुसरं वर्ष मिळू द्या.